पदवीसाठी मुंबई की पुणे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बँकेच्या काउंटरवर ओळखीचे पालक पासबुक पुढे करता करता हमखास विचारतात, "मुलीला पदवीला कुठे घालावे, मुंबईला की पुण्याला?" गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्याही घरात उभा राहिला. त्या वेळी जो विचार केला तो समाजबांधवांच्या उपयोगी पडावा, म्हणून येथे मांडत आहोत.

प्रथम नावाविषयी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पुणे विद्यापीठ १९४९ सालचे. २०१४ साली त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. दोन्हींची प्रतिष्ठा मोठी आहे. परंतु पदवीचा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाच्या आवारात शिकत नाही, तर संलग्न महाविद्यालयात शिकतो. पदवीपत्रावर नाव विद्यापीठाचे असले तरी रोजचे प्राध्यापक, ग्रंथालय व सोबती महाविद्यालयाचे असतात. म्हणून दोन विद्यापीठांची नव्हे, तर आपल्या विषयाच्या दोन महाविद्यालयांची तुलना करावी. तेथे स्वतः जाऊन विचारावे : हा विषय शेवटच्या वर्षापर्यंत शिकवतात का? पूर्णवेळ प्राध्यापक किती? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते?

दुसरी गोष्ट वेळेची. भिवंडीहून ठाण्यापर्यंत बस किंवा रिक्षा आणि पुढे लोकल, असा प्रवास करून आम्ही कला शाखेची पदवी घेतली. रोज चार तास वाटेत जात. पदवी मिळाली, पण ग्रंथालयाचे कार्ड जवळजवळ कोरेच राहिले. याची खंत आजही वाटते. पुण्याला रोज जाणे-येणे शक्य नाही. तेथे राहावेच लागते, त्यामुळे हा वेळ वाचतो. मात्र खोली आणि मेसचा खर्च वाढतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या आधारावर. पुढे कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांची मदत घेतली, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या बुद्धिमान माणसाची वाट पैशाने अडवली, तर आपण पहिल्या वर्षाच्या फीवरच हिशेब थांबवून कसे चालेल?

हिशेब शेवटच्या वर्षापर्यंतचा कागदावर मांडावा. शिष्यवृत्ती प्रवेशाच्या दिवशी हाती येत नाही, म्हणून पहिली रक्कम बाजूला ठेवावी. बाहेरगावी जाणाऱ्याने समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे प्रवेश न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तिच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. शैक्षणिक कर्ज घेतल्यास शिक्षण चालू असताना सहसा हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते, हे बँकेतला माणूस म्हणून आवर्जून सांगतो.

आमच्या मुलीला अर्थशास्त्र घ्यायचे होते. हिशेबात मुंबई स्वस्त पडत होती आणि तिची आई तिला दूर पाठवायला तयार नव्हती. शेवटी मुलगीच म्हणाली, "पप्पा, तुमचे ते चार तास मला नकोत." मग कागद पुन्हा पुढे घेतला, घर दुरुस्तीचा बेत दोन वर्षे पुढे ढकलला आणि पुणे ठरवले. शेजारच्या मुलाची मावशी कुर्ल्याला राहते. त्याने तिच्याकडे राहून मुंबई निवडली, आणि त्याचेही बरोबरच झाले.

समाजातील नोकरदारांना एक विनंती. निकालानंतरच्या एका रविवारी विहारात बसून बारावीच्या मुलांना असा हिशेब मांडून द्यावा. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचत आहे, त्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे.