श्वासाचा पहारेकरी

आपण कला शाखेचे विद्यार्थी. मानसशास्त्राच्या वहीत मेंदूची आकृती काढताना तळाशी असलेल्या लंबमज्जेला आपण नाव देतो आणि पुढे जातो. मला मात्र या इवल्याशा भागाविषयीच चार शब्द लिहावेसे वाटले. कारण आपण गाढ झोपेत असलो तरी आपला श्वास चालू राहतो, तो याच्याच कृपेने.

जुन्या योगग्रंथांनी दिवसाचे श्वास २१,६०० मानले आहेत. हिशेब केला तर मिनिटाला १५ पडतात. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचे श्वास आजही साधारण १२ ते २० च भरतात. हा वेग ठरवतो कोण? प्राणवायू कमी पडला म्हणजे श्वास घ्यावासा वाटतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हॉल्डेन व प्रिस्टले या शास्त्रज्ञांनी १९०५ साली दाखवून दिले, की एरवी श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो.

हा वायू रक्तातून मेंदूत उतरतो, पाण्याशी मिळून त्याचे आम्ल बनते आणि लंबमज्जेच्या पुढच्या पृष्ठभागालगतच्या काही पेशींना त्याची चाहूल लागते. या पेशींच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाण्याच्या सूक्ष्म वाटा असतात. आम्लता वाढली की त्यांपैकी ‘टास्क-२’ ही वाट मिटते. धनभारित पोटॅशियम आत अडकते, पेशी उत्तेजित होते आणि श्वास वाढवण्याचा निरोप पुढे श्वासपटलापर्यंत पोहोचतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उंदरांमधील ही वाट आणि ‘जीपीआर-४’ हे आम्ल ओळखणारे प्रथिन ही दोन्ही नाहीशी केली, तेव्हा कार्बन डायऑक्साइड वाढवूनही त्यांचा श्वास फारसा वाढला नाही.

आपल्या महाराष्ट्रातही श्वासाचा असा अभ्यास झाला आहे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामातील या दोन्ही वायूंची प्रयोगशाळेत मोजमापे केली. श्रद्धेचा विषयही मोजून पाहावा, हा त्यांचा धडा मला मोलाचा वाटतो.

आता आपल्या अक्कलकोट तालुक्याकडे वळू. उन्हाळ्यात विहिरीवर पोरांची गर्दी होते आणि बुडी मारून पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज लागते. काहीजण आधी भराभर वीसपंचवीस श्वास घेतात. त्यांना वाटते, प्राणवायूचा साठा झाला. वास्तविक निरोगी माणसाचे रक्त प्राणवायूने आधीच जवळजवळ भरलेले असते. त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. मग पहारेकरी उशिरा जागा होतो. इकडे प्राणवायू संपत येतो आणि गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच पाण्याखाली शुद्ध हरपते. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही.

म्हणून वाचकमित्रांना एकच विनंती. सुट्टीत गावी गेलात म्हणजे धाकट्या भावंडांना एवढे जरूर सांगा : बुडीपूर्वी धापा टाकू नका, पैज लावू नका आणि विहिरीत एकट्याने उतरू नका. जीव घाबरा होणे ही भित्रेपणाची खूण नव्हे. तो पहारेकऱ्याचा इशारा होय.