सामाईक कोड कोठे ठेवावा?

एकाच संस्थेसाठी तीन-चार आज्ञावल्या लिहिल्या जाऊ लागल्या, की त्यांतील काही भाग सर्वांना सारखाच लागतो असे दिसून येते. हा सामाईक भाग कोणत्या फोल्डरात ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता कपाट लावण्याइतका क्षुल्लक वाटतो. वस्तुतः त्या आज्ञावल्यांचे पुढील आयुष्य त्यावर अवलंबून असते.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी एक, शुल्कासाठी दुसरी व परीक्षेसाठी तिसरी आज्ञावली आहे असे समजा. तिन्हींत विद्यार्थ्याचे नाव जुळवून पाहावे लागते. आता 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातील अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठविता येतो: खाली टिंब असलेल्या 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त चिन्ह जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त चिन्ह व त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन निराळी नावे होत. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण त्यांना एक करीत नाही. ते काम आपणच लिहावे लागते. (कन्नडमधील दीर्घ ओकाराचे चिन्हही एकसंध किंवा तुकड्यांत लिहिता येते, पण ते प्रमाणीकरणाने एक होते. या बाबतीत आमचे कन्नड मित्र सुखी!)

हे काम करणाऱ्या वीस-पंचवीस ओळी प्रथम ग्रंथालयासाठी लिहिल्या जातात. पुढे शुल्काचे व परीक्षेचे काम निघाले, की तीच फाइल उचलून तिकडे नकलली जाते. काही महिन्यांनी परीक्षेच्या प्रतीत दुरुस्ती होते, शुल्काच्या प्रतीत राहून जाते. मग परीक्षेची आज्ञावली नाव एका रूपात विचारते, शुल्काची दुसऱ्या रूपात शोधते, आणि शुल्क भरलेली मुलगी थकबाकीदार ठरून ऐन परीक्षेच्या तोंडावर प्रवेशपत्रासाठी खेटे घालते. दोष तिचा नाही, लिपिकाचाही नाही. तो फोल्डरांच्या मांडणीत आहे.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे वर एक 'कॉमन' फोल्डर करून प्रत्येक आज्ञावलीतून त्याचा मार्ग लिहून टाकणे. कोणी काही हलविले नाही तोवर हे चालते. दुसऱ्या यंत्रावर एखादी आज्ञावली एकटी नेली, की ती अडते; कारण तिला काय लागते हे कोठे नोंदलेलेच नसते.

म्हणून सामाईक भागाला स्वतंत्र पॅकेजचा दर्जा द्यावा. मुख्य फोल्डरात 'ग्रंथालय', 'शुल्क', 'परीक्षा' आणि 'नावे' असे चार फोल्डर एकाच पातळीवर असावेत. प्रत्येकात स्वतःचा कोड, स्वतःच्या चाचण्या आणि आपण कशावर अवलंबून आहोत हे सांगणारी फाइल असावी. पायथॉनमध्ये ती 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' होय. काम चालू असताना 'नावे' हे 'एडिटेबल' पद्धतीने बसवावे, म्हणजे नक्कल न होता मूळ फोल्डरच वापरला जातो. अवलंबन एकाच दिशेने असावे: 'शुल्क'ने 'नावे'ला बोलवावे, 'नावे'ने 'शुल्क'ला कधीही नाही. अन्यथा दोहोंपैकी एकाचीही एकट्याने चाचणी घेता येणार नाही.

प्रत्येक पॅकेजचा कोड आत 'एसआरसी' या उपफोल्डरात ठेवण्याची रीत आहे, ती निरर्थक नाही. पायथॉन बहुधा चालू फोल्डरातच प्रथम शोध घेतो. त्यामुळे कोड तेथेच उघडा असेल, तर बसविलेल्या पॅकेजात एखादी फाइल राहून गेली तरी चाचणी उत्तीर्ण होते.

फोल्डराला 'कॉमन' न म्हणता 'नावे' का म्हटले? 'कॉमन'चा लवकरच माळा होतो. तारखा, पावत्या, सर्व तेथे जाऊन पडते. डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच मांडले होते, की विभाग पाडताना कामाचा क्रम पाहू नये. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एका विभागात झाकून ठेवावा. याच न्यायाने ग्रंथालयाचा दंड व शुल्काचा विलंब-आकार यांचे गणित आज तंतोतंत सारखे असले, तरी ते एकत्र करू नये. एक ग्रंथपाल बदलणार, दुसरे कार्यालय. तेथे दोन प्रतीच बऱ्या.

हे चारही फोल्डर एकाच भांडारात ठेवावेत की चार भांडारांत? गूगलच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार त्यांच्या एका भांडारात सुमारे 2 अब्ज ओळी होत्या. आपल्या आकाराला तर एकच भांडार सोयीचे, कारण 'नावे'तील दुरुस्ती आणि तिन्ही आज्ञावल्यांच्या चाचण्या एकाच वेळी होतात. दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाला 'नावे' तेवढेच हवे झाले, की ते वेगळे काढून त्याला आवृत्ती-क्रमांक द्यावा, तोपर्यंत नाही.