मधमाशी गुरू आणि आमची शेकोटी



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय ८.

यदुराजाने अवधूताला विचारलं, की तू इतका निश्चिंत कसा राहतोस? तेव्हा अवधूत आपल्या २४ गुरूंबद्दल सांगतो. पृथ्वी, वारा, पाणी, कबुतर, अजगर... त्यातलीच एक मधमाशी. ती कुठल्याच फुलाला ओरबाडत नाही. प्रत्येकाकडून थोडं थोडं घेते, आणि फूल होतं तसंच राहतं. मधुकर म्हणजे भुंगा किंवा मधमाशी, त्यावरूनच आपला 'माधुकरी' हा शब्द आला.

हा भाग वाचला की मला हरिश्चंद्रगड आठवतो, आणि खरं सांगू, थोडी लाजही वाटते.

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या मित्रांबरोबर पाचनईच्या वाटेने गडावर गेलो होतो. डिसेंबरची थंडी. हरिश्चंद्रेश्वराचं दर्शन बूट बाहेर काढून, अगदी हात जोडून घेतलं. रात्री तंबू लावले आणि शेकोटी पेटवली. गाणी, मॅगी, फोटो. लाकूड संपत आलं की कोणीतरी टॉर्च घेऊन आणखी आणायला जायचं.

सकाळी जिथे पिठलं-भाकरी खाल्ली, तिथल्या मावशी आमच्या राखेकडे बघून म्हणाल्या, "पोरांनो, एका रात्रीत आमचं आठ दिवसांचं सरपण जाळलं की रे!"

रागाने नाही, हसत म्हणाल्या. म्हणूनच जास्त लागलं. त्यांच्या चुलीवरची गरम भाकरी माझ्या हातात होती, आणि त्याच चुलीचं लाकूड मी मजेसाठी जाळलं होतं. देवळात बूट काढणारा मी, देवळाबाहेर पडल्यावर मात्र ओरबाडणारा झालो होतो.

तेव्हा मी मनाची समजूत घातली, "सुकलेलंच तर होतं." पण जंगलात सुकलेलं म्हणजे फुकट गेलेलं नसतं. पडलेल्या लाकडात किडे राहतात, बुरशी वाढते, हळूहळू त्याची माती होते. त्या मातीतूनच पुढचं झाड उभं राहतं.

सह्याद्रीतली कारवीच बघा ना. साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. फोटोसाठी वाट सोडून आपण तिच्या फुलोऱ्यात घुसलो, तर त्या झुडपाची एकुलती एक संधी जाते. आमच्या कामात चुकलेला कोड रोलबॅक करता येतो. इथे तशी सोय नाही.

आणि खुद्द गुरूंच्या घराचं काय? गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र परफ्यूम, आरडाओरडा यांनी त्या माश्या बिथरतात. मग आपण म्हणतो, "मधमाश्यांनी हल्ला केला." अरे, पण त्यांच्या घरात धूर कोणी केला?

म्हणून माधुकरीचे हे चार नियम मी आता ट्रेकच्या बॅगेबरोबरच भरतो :

१. शेकोटी नाही. एक जादा स्वेटर आणि गरम चहाचा थर्मास पुरतो.

२. नेलेलं सगळं परत आणायचं. बिस्किटाचा कागद, ओला टिश्यू, संत्र्याची सालंसुद्धा.

३. गडावरच्या टाक्यात साबण नाही, खरकटी भांडी नाहीत. ते पाणी कोणीतरी पिणार आहे. शौचाला पाण्यापासून निदान ६० मीटर लांब जायचं, वीतभर खड्डा खणायचा आणि नंतर मातीने बुजवायचा.

४. मळलेली वाट सोडायची नाही, आणि स्पीकर घरीच ठेवायचा.

यात त्याग वगैरे काही नाही हं. शेकोटी नसली की डोळे अंधाराला सरावतात आणि आभाळभर चांदण्या दिसतात. स्पीकर नसला की रातकिडे ऐकू येतात. मधमाशीला फूल न दुखवताही मध मिळतोच की!

आज झोपण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारूया : मी जिथून जिथून गेलो, तिथलं फूल होतं तसंच राहिलं का?

रामकृष्ण हरी!