कातळावरील हत्ती

संत तुकाराम नगरातील मुलांच्या पायांखाली काळा पाषाणच आहे. परंतु माती, रस्ते व इमारती यांखाली तो इतका झाकला गेला आहे की, खडकाची ओळख मुलांस पुस्तकातूनच करून घ्यावी लागते. वरच्या इयत्तांची मुक्कामी सहल रत्नागिरी जिल्ह्याकडे नेल्यास हाच पाठ डोळ्यांनी शिकविता येईल.

राजापूर तालुक्यातील कशेळीचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार होय. या भागात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु माती नाममात्र असल्याने पाणी टिकत नाही आणि चैत्र-वैशाखात सडा वाळवंटासारखा तापतो. याच सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला असून त्याच्या देहात इतर अनेक प्राणी आहेत. कोकणातील कातळशिल्पांत गेंडाही आढळतो. आज कोकणात गेंडा नाही. तेव्हा तो कोरणाऱ्याने कोठे पाहिला असेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा व उत्तराची घाई करू नये.

येथे नकाशा उघडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडील नामिबिया हा वाळवंटी देश दाखवावा. तेथील ट्वायफलफाँटेन या स्थळाच्या नावाचा अर्थ ‘शंकेचा झरा’ असा आहे, कारण त्याच्या पाण्याचा भरवसा नसे. तेथील वालुकाश्मावर २००० हून अधिक आकृती आहेत. त्यांत जिराफ व गेंडे आहेत. एका सिंहाच्या पायांना तर माणसाप्रमाणे पाच-पाच बोटे आहेत! २००७ साली हे स्थळ जागतिक वारसा ठरले. कशेळीसह कोकणातील काही स्थळे २०२२ पासून त्या वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. तेथे पाऊस नाही, येथे माती नाही. दोन्हीकडे खडक उघडा राहिला, म्हणूनच कोरणाऱ्याला तो पाटीसारखा वापरता आला.

मात्र उघड्या चित्रास इजाही लवकर होते. चिरे काढण्यासाठी जांभा कापला जातो, त्यात चित्रे नष्ट होऊ शकतात. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरण्याचा मोह उत्साही शिक्षकांस होतो. तो कटाक्षाने टाळावा. सकाळच्या तिरप्या उन्हात रेषा आपोआप दिसतात. मुलांनी चित्रावर पाय न ठेवता कडेने चालत पावलांनी हत्ती मोजावा. परत आल्यावर शाळेच्या पटांगणात तेवढीच लांबी दोरी धरून चुन्याने आखावी. जागा अपुरी पडल्यास कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी आखावी.