घास गिळताना अडखळणारे मूल

शालेय पोषण आहाराच्या वेळी एखादे मूल नेहमीच सर्वांच्या मागे राहते. प्रत्येक घासाला पाणी पिते, कोरडा घास टाळते, आणि सोबती हात धुऊन खेळावयास गेले तरी त्याचे ताट निम्मे भरलेलेच असते. अशा मुलास लाडावलेले ठरविणे सोपे. परंतु क्वचित त्यामागे अन्ननलिकेचा विकार असतो, व हट्टी म्हणून बोलणी खाणारे ते मूल वास्तविक आजारी असते.

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एक प्रकार इओसिनोफिल या नावाने ओळखला जातो. इओसिन नामक तांबड्या रंगद्रव्याने या पेशी रंगतात, म्हणून जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख याने १८७९ साली त्यांस हे नाव दिले. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात त्या सहसा आढळत नाहीत. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र विशिष्ट अन्नामुळे त्या तेथे जमतात आणि अस्तर सुजते. लहानपणी उलट्या, पोटदुखी, वजन न वाढणे ही लक्षणे दिसतात. पुढे घास अडकू लागतो, आणि उपेक्षा झाल्यास नलिका अरुंद होते. जंतांमुळेही रक्तात या पेशी वाढतात, त्यामुळे नुसत्या रक्ततपासणीवरून निदान होत नाही. दुर्बिणीने अस्तराचे सूक्ष्म तुकडे काढून तपासावे लागतात.

दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे व अक्रोडासारखी कवचफळे, आणि मासे ही अन्ने विशेषेकरून कारणीभूत ठरतात. त्यांतही दूध व गहू अधिक. त्रास पुष्कळदा तत्काळ होत नाही, म्हणून नेमके कोणते अन्न बाधले हे आईलाही उमगत नाही. तथापि घरच्या घरी सर्वच पदार्थ बंद करणे धोक्याचे. त्याने मूल अधिकच खंगेल. पथ्य वैद्याच्या देखरेखीखालीच असावे. औषधोपचारही उपलब्ध आहेत.

पारोळ्याकडील आहारात एक सोय आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत गहू नसतो. ती आमटीत कुस्करून मऊ केली म्हणजे गिळण्यासही सुलभ जाते. शेंगदाण्याचा कूट मात्र भाजीभाजीत असतो, तो ध्यानात ठेवावा लागतो. खरी कसोटी आखाजीस लागते. खापरावरच्या पुरणपोळ्या पानोपानी वाढल्या जात असता गहू वर्ज्य असलेल्या मुलाने काय करावे? पुरण हरभऱ्याच्या डाळीचे व गुळाचे असते. ती डाळ सोसत असल्यास तेच पुरण भाकरीबरोबर वाढावे, आणि पंगतीतच वाढावे, निराळे बसवून नव्हे.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्यपथक शाळेत येते, त्या वेळी शिक्षकांनी अशा मुलाच्या जेवणाची हकीकत सांगावी. पथकास ताटावरचे मूल पाहावयास मिळत नाही. निदान झालेल्या मुलाचे वर्ज्य पदार्थ स्वयंपाक करणाऱ्या बाईंस समजावून द्यावेत व त्यास जेवणास अधिक वेळ द्यावा. घास अडकून लाळही गिळता येईनाशी झाली तर वरून पाणी वा केळे देऊ नये; मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.