पौर्णिमा आणि आपण

पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या विरुद्ध बाजूस येतो व त्याचा उजळलेला भाग आपल्याला संपूर्ण दिसतो. सुमारे साडेएकोणतीस दिवसांनी पुन्हा तेच. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. येथे राहू-केतूचे काम नाही.

राजा बिंबिसाराच्या सूचनेवरून भगवंतांनी भिक्खूंना उपोसथाला एकत्र जमण्यास सांगितले, असे महावग्गात आहे. म्हणजे हा दिवस धम्मश्रवणाचा. आम्ही मात्र पाहतो, काही बंधू-भगिनी सकाळी विहारात पंचशील ग्रहण करतात आणि सायंकाळी फेफरे येणाऱ्या मुलाला अंगाऱ्यासाठी देवऋषाकडे नेतात! फेफरे हा मेंदूचा विकार. योग्य औषधाने शंभरातील सुमारे सत्तर जणांचे झटके थांबू शकतात. देवऋषाकडच्या रांगेत त्या मुलाची रात्रीची गोळी चुकते.