वस्तूचा फोटो आणि प्रकाशाचे नियम

किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला आणि त्याच्या मालाची माहिती गावोगाव पोहोचावी म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. माल दूर, गिऱ्हाईक दूर, आणि मध्ये फक्त कागद! आज त्या कागदाचे बरेचसे काम मोबाईलमधला कॅमेरा करतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखानदार बिडाच्या कास्टिंगचा फोटो पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवतो. बचतगटातल्या बायका हळदीचे आणि बेदाण्याचे फोटो पाठवतात. फोटोत हळद फिकट दिसली तर मागणी येत नाही. खऱ्यापेक्षा गडद दिसली तर पाठवलेला माल परत येतो. अशा वेळी दोष सहसा कॅमेऱ्याला दिला जातो. पण वस्तू कशी दिसेल हे मुख्यतः तिच्यावर पडणारा प्रकाश ठरवतो, आणि त्याचे नियम तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहेत. महागडे दिवे लागत नाहीत. एक खिडकी, एक पांढरी चादर आणि दोनचार पुठ्ठे पुरतात.

प्रथम सावली पाहू. पांढऱ्या कागदाच्या १० सेंटिमीटर वर पेन्सिल आडवी धरा. उन्हात तिची सावली रेखीव पडते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे खरा, पण तो १५ कोटी किलोमीटर दूर आहे. म्हणून तो आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. सावलीच्या कडेची उपछाया किती रुंद पडेल हे काढायला सोपे त्रैराशिक आहे: स्रोताच्या रुंदीला वस्तूपासून कागदापर्यंतच्या अंतराने गुणा आणि स्रोतापासून वस्तूपर्यंतच्या अंतराने भागा. उन्हासाठी उत्तर येते सुमारे १ मिलिमीटर. आता ६ सेंटिमीटर व्यासाचा दुधी काचेचा दिवा पेन्सिलीपासून १ मीटरवर ठेवा. उपछाया ६ मिलिमीटर होते. आणि ९० सेंटिमीटर रुंदीची खिडकी तेवढ्याच अंतरावर असेल तर उपछाया ९ सेंटिमीटर! सावली जवळजवळ विरून जाते. म्हणजे सावली मऊ पडेल की कडक, हे स्रोत किती प्रखर आहे यावर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून तो केवढा मोठा दिसतो यावर ठरते. या हिशेबात घरातला दुधी दिवा सूर्याहून सहापट ‘मोठा’ आहे.

पुष्कळ लोक दिव्याच्या काचेलाच पातळ कागद गुंडाळतात. त्याने स्रोताचा आकार फारसा वाढत नाही आणि गरम दिव्याने कागद पेटण्याची भीती मात्र असते. तोच कागद मोठ्या चौकटीवर ताणून दिव्यापासून दोन वितींवर उभा करा. मग सगळी चौकटच प्रकाशस्रोत बनते. खिडकीवर चादर लावली की हेच घडते. फोटोग्राफीच्या विलायती पुस्तकांत उत्तरेची खिडकी घ्या असे लिहिलेले असते, कारण तिकडून ऊन येत नाही. सांगली-कुपवाड मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे १७ अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेला असतो. तेव्हा पुस्तकावर विसंबू नका, चादर हाताशी ठेवा.

खिडकी वस्तूच्या एका बाजूला घ्यावी आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. पुठ्ठ्यावरून परतलेला प्रकाश काळवंडलेली बाजू उजळतो. पुठ्ठा जवळ आणला की सावली फिकी होते, दूर नेला की गडद. बस, एवढीच किल्ली.

दिवा वापरायचा असेल तर व्यस्त वर्गाचा नियम ध्यानात ठेवा. दिव्यापासून ५० सेंटिमीटरवर बेदाण्याची वाटी आणि ७० सेंटिमीटरवर मागचा कागद असेल, तर कागदावर वाटीच्या निम्माच प्रकाश पडतो. दिवा वाटीपासून २ मीटरवर नेला की, मधले २० सेंटिमीटर तेवढेच असूनही, कागदाला वाटीच्या ८३ टक्के प्रकाश मिळतो. एकच पांढरा कागद केवळ दिवा हलवून करडा किंवा पांढरा दाखवता येतो! (हा नियम लहान स्रोताला लागू पडतो. जवळच्या मोठ्या खिडकीला लावायला जाल तर आकडे चुकतील.)

आता प्रकाशाची दिशा. पृष्ठभागावर अर्धा मिलिमीटर उंचीचा उंचवटा असेल आणि प्रकाश पृष्ठभागाशी ६० अंशाचा कोन करून येत असेल, तर उंचवट्याची सावली फक्त ०.३ मिलिमीटर पडते. प्रकाश १० अंशाने, म्हणजे जवळजवळ घासत आला, तर ती २.८ मिलिमीटर होते. घासत्या प्रकाशात बेदाण्याची प्रत्येक सुरकुती उठून दिसते आणि ताजा बेदाणाही जुनाट वाटतो. उलट, सगळीकडून मऊ प्रकाश दिला तर कास्टिंगवरचे ब्लोहोलसुद्धा दिसेनासे होते. मग खरा फोटो कोणता? माझे मत असे की गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन खिडकीपाशी जसे पाहील तसा एक फोटो मऊ प्रकाशात काढावा. आणि कास्टिंगचा असेल तर घासत्या प्रकाशातला दुसरा त्याच्या जोडीला पाठवावा. ब्लोहोल फोटोत लपले तरी गिऱ्हाइकाच्या मशीनवर उघडे पडतेच.

हळदीची अडचण निराळी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा रंग हीच तिची ओळख. हळदीतले कुर्कुमिन निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून ती पिवळी दिसते. तारेच्या दिव्याचे वर्णतापमान सुमारे २७०० केल्विन, त्यात निळा प्रकाश कमी. ढगाळ आकाशाचे ६५०० च्या आसपास, त्यात तो भरपूर. आपला मेंदू हा फरक नकळत भरून काढतो. कॅमेराही तसा प्रयत्न करतो, पण त्याला हळद ठाऊक नसते. सगळ्या चित्रात पिवळेच दिसले की ‘दिवाच पिवळा आहे’ असे समजून तो निळा रंग वाढवतो आणि हळद फिकट पडते. म्हणून ढिगाभोवती पांढरा कागद भरपूर दिसू द्या, किंवा कॅमेऱ्यातली रंगाची सोय ‘स्वयंचलित’ न ठेवता ‘दिवसाचा प्रकाश’ अशी पक्की करा. खिडकीचा प्रकाश घेताना खोलीतले दिवे बंद हवेत. नाहीतर ढिगाची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची येते, आणि ते कोणत्याही कॅमेऱ्याला एकाच वेळी दुरुस्त करता येत नाही. पांढऱ्या कागदाने आणखी एक घोटाळा होतो. कॅमेरा एकूण उजेड मध्यम धरायला पाहतो, त्यामुळे कागद करडा येतो. तेव्हा उजेडाचे माप हाताने थोडे वाढवावे.

लेथवर टर्निंग केलेले पोलादी कडे किंवा घासलेला पितळी तांब्या यांच्यापाशी आलो की आतापर्यंतची पुष्कळशी युक्ती निकामी ठरते. हळदीची पूड प्रकाश सर्व दिशांना विखुरते. चकचकीत धातू तसे करत नाही. तिथे आपतन कोन आणि परावर्तन कोन समान. म्हणून चकचकीत वस्तूचा फोटो म्हणजे खरे तर तिच्याभोवतीच्या खोलीचा फोटो! तांब्या बहिर्वक्र आरसाच असतो. त्यात अख्खी खोली, खिडकी आणि तुमचा सदरासुद्धा दिसतो. खोली अंधारी असेल तर कितीही तेजस्वी दिवा लावा, धातूवर एक झगझगीत ठिपका उमटेल आणि बाकीचा धातू काळाच राहील. इथे धातू काय ‘पाहतो’ आहे ते उजळायचे असते. कड्याच्या तिन्ही बाजूंनी आणि वरून पांढरी चादर तंबूसारखी बांधा, प्रकाश बाहेरून चादरीवर पाडा आणि भिंगापुरती फट ठेवा. कडे एकदम रुपेरी दिसेल. मात्र आता ते कागदातून कापल्यासारखे सपाट वाटेल, कारण सगळीकडे पांढरेच. मग तंबूच्या आत दोन्ही बाजूंना दोन बोटे रुंदीच्या काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करा. त्यांची प्रतिबिंबे कडांवर उमटतात आणि गोलाई परत येते. पट्ट्या थोड्या थोड्या सरकवत पाहा, यात तास कसा जातो ते कळत नाही.

राहिली काचेची बाटली. काचेवर समोरून दिवा पाडू नका, मागचा पांढरा कागद उजळा. चित्राच्या चौकटीबाहेर अंधार असू द्या. बाटलीच्या कडांपाशी किरण जास्त वळतात आणि तिथे बाहेरचा अंधार दिसतो, म्हणून बाटलीभोवती काळी रेघ उमटते. आता उलटे करा: बाटलीमागे चित्राच्या चौकटीएवढाच काळा पुठ्ठा ठेवा आणि त्याच्या चारी बाजूंनी उजेड येऊ द्या. या वेळी कडा उजळ होतात. असे का होते, ते वहीत किरणाकृती काढून शोधा.